विद्यापीठाचा रंग सर्वत्र एकच कसा राखावा: नव्याने काम पाहणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

विद्यापीठाच्या जनसंपर्क कक्षात, प्रकाशन विभागात किंवा संकेतस्थळाच्या समितीत नव्याने रुजू झालेल्या व्यक्तीकडे लवकरच एखादी निमंत्रणपत्रिका, फलक किंवा माहितीपुस्तिका तयार करून घेण्याचे काम येते आणि पहिला प्रश्न उभा राहतो तो रंगाचा. बोधचिन्हातील निळा नेमका कोणता? लेटरहेडवर तो गडद दिसतो, संकेतस्थळावर उजळ, प्रवेशद्वाराच्या फलकावर उन्हाने विटलेला आणि गेल्या दीक्षान्त समारंभाच्या पत्रिकेवर जांभळ्याकडे झुकलेला. यांपैकी खरा कोणता, हे सांगणारा कागद बहुतेक कार्यालयांत सापडत नाही. तो कागद तयार कसा करावा आणि त्याप्रमाणे सगळीकडे काम कसे व्हावे, हे पुढे क्रमाने सांगितले आहे. रंग निवडणे हा या कामाचा लहान भाग आहे. निवडलेला रंग आकड्यांत लिहून ठेवणे आणि कागद, पडदा, कापड व भिंत या सर्वांवर तोच उमटेल अशी व्यवस्था लावणे हा मोठा भाग आहे, म्हणून येथेही त्यालाच अधिक जागा दिली आहे.

रंग लिहून न ठेवल्यास किती काळ घोळ राहू शकतो, याचे उदाहरण अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या इतिहासात आहे. १८५८ साली बोस्टनच्या नौकाशर्यतीत आपला चमू प्रेक्षकांना दुरून ओळखू यावा म्हणून चार्ल्स विल्यम एलियट आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने वल्हवणाऱ्यांना लाल रुमाल दिले. हेच एलियट पुढे विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. तरीही आपला रंग किरमिजी की मॅजेंटा (जांभळट गुलाबी), हा संभ्रम बराच काळ टिकला. १८७३ साली निघालेल्या विद्यार्थी वृत्तपत्राचे नाव ‘द मॅजेंटा’ होते आणि १८७५ साली ते ‘द क्रिमसन’ झाले. विद्यापीठाने किरमिजी रंगाला अधिकृत मान्यता दिली ती १९१० साली, म्हणजे रुमालांनंतर ५२ वर्षांनी.

महाराष्ट्रात रंगाकडे लक्ष देण्याचे आणखी एक ठोस कारण आहे, ते म्हणजे विद्यापीठांची नावे. पुणे विद्यापीठ २०१४ साली सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झाले, जळगावचे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ २०१८ साली कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले आणि सोलापूर विद्यापीठाला २०१९ साली पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव मिळाले. नामविस्तारानंतर शिक्के, फलक आणि प्रमाणपत्रे बदलावी लागतात, पण रंग तसाच ठेवता येतो आणि मधल्या काळात संस्थेची ओळख टिकवण्याचे काम तोच करतो. शिवाय ही नावे लांब आहेत. मोबाइलच्या पडद्यावर बोटाच्या पेराएवढ्या गोलात पूर्ण नाव वाचता येणे शक्य नसते. तेथे वाचकापर्यंत पोहोचतात ते फक्त रंग आणि आकृती.

पायरी १: आज काय वापरात आहे ते एकत्र करा

लेटरहेड, पाकीट, गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, ओळखपत्र, माहितीपुस्तिका, दैनंदिनी, कार्यक्रमाची पत्रिका, बसवरील नाव, प्रवेशद्वाराच्या फलकाचे छायाचित्र, संकेतस्थळाचे मुखपृष्ठ आणि समाजमाध्यमांवरील अलीकडच्या काही पोस्ट, असे सर्व नमुने एका मोठ्या टेबलावर मांडा. हे काम दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ करावे, कारण कार्यालयातील पांढऱ्या ट्यूबच्या आणि पिवळ्या दिव्याच्या प्रकाशात तोच कागद वेगळा दिसतो. प्रत्येक नमुन्यामागे वर्ष आणि छापखाना लिहून ठेवा. या मांडणीचे एक छायाचित्र काढून ठेवल्यास पुढे समितीपुढे विषय मांडताना फार बोलावे लागत नाही.

पायरी २: मूळ रंगापर्यंत पोहोचा

विद्यापीठाचा मुख्य रंग बहुधा बोधचिन्हातच असतो. त्यामुळे बोधचिन्हाची मूळ फाइल शोधणे हे पुढचे काम. मूळ फाइल म्हणजे कोरलड्रॉ किंवा इलस्ट्रेटरमध्ये रेखाटलेली व्हेक्टर फाइल, जिच्यात रंगाचे आकडे साठवलेले असतात. व्हॉट्सॲपवरून हातोहात फिरलेले जेपीजी चित्र हे मूळ नव्हे. प्रत्येक वेळी पाठवताना ते दाबले जाते, कडांवर रंगांचे ठिपके येतात, आणि अशा चित्रावर संगणकातील रंग उचलणारे साधन ठेवल्यास दोन शेजारच्या बिंदूंवर दोन वेगळे आकडे मिळतात. स्कॅन केलेल्या जुन्या लेटरहेडचेही तसेच आहे. त्यात शाईबरोबर पिवळ्या पडलेल्या कागदाचा रंगही मिसळलेला असतो.

मूळ फाइल मिळाली नाही, तर स्थापनेच्या काळातील ठराव, बोधचिन्हाचे वर्णन आणि सर्वांत चांगल्या अवस्थेतील छापील प्रत पाहावी, ती प्रत पँटोनच्या शेडकार्डशी, म्हणजे प्रत्येक रंगाला क्रमांक दिलेल्या छापील नमुन्यांशी, दिवसाउजेडी ताडून जवळचा क्रमांक निवडावा आणि तो निर्णय लेखी नोंदवावा. येथे घाई करू नये, कारण पुढील सर्व आकडे याच निर्णयावर उभे राहतात.

नवाच रंग निवडायचा असेल, तर एका गोष्टीचे भान अवश्य ठेवावे. भगवा, निळा, हिरवा, पिवळा या रंगांना आपल्याकडे धार्मिक, सामाजिक आणि राजकीय अर्थ आहेत आणि लोक ते अर्थ लगेच वाचतात. विद्यापीठ सर्वांचे असल्यामुळे नव्या रंगाचा प्रस्ताव कारणांसह व्यवस्थापन परिषदेपुढे ठेवावा आणि तिच्या ठरावानेच तो स्वीकारला जावा. एका अधिकाऱ्याच्या पसंतीने आलेला रंग पुढच्या अधिकाऱ्याच्या पसंतीने जातो.

पायरी ३: रंगसंच लहान ठेवा आणि प्रत्येक रंगाला काम द्या

एक किंवा दोन मुख्य रंग, तीन-चार साहाय्यक रंग, शिवाय पांढरा, एक गडद करडा आणि एक फिकट करडा एवढ्यावर विद्यापीठाचे बहुतेक सर्व काम भागते. मुख्य रंग बोधचिन्ह, शीर्षपट्टी आणि मुखपृष्ठ यांसाठी. साहाय्यक रंग आलेख, पुस्तिकेतील प्रकरणे आणि सूचना यांसाठी. करडे मजकुरासाठी व रेषांसाठी. पानावर किती भाग कोणी व्यापायचा, याचेही ढोबळ प्रमाण ठरवून ठेवावे. साधारण ६० टक्के पांढरा किंवा फिकट भाग, ३० टक्के मुख्य रंग आणि १० टक्के साहाय्यक रंग हे प्रमाण रचनाकार वापरतात आणि नवख्याने तेथूनच सुरुवात करावी.

प्रत्येक विद्याशाखेला स्वतंत्र रंग देण्याची मागणी हमखास येते. ती मान्य करावी की नाही हे संस्थेने ठरवावे, पण माझ्या मते ती टाळणेच चांगले. चार विद्याशाखा, त्यांतील अनेक विभाग आणि केंद्रे मिळून रंगांची संख्या इतकी वाढते की मुख्य रंगच झाकला जातो. विभागाचे नाव ठळक अक्षरांत असले, की त्याची ओळख पुरेशी होते.

पायरी ४: प्रत्येक रंगाचे सर्व आकडे लिहून ठेवा

या सर्व कामाचा कणा हीच पायरी आहे. एका रंगासाठी किमान चार नोंदी हव्यात. पहिली, पँटोन क्रमांक. हा १९६३ पासून चालत आलेल्या एका रंगजुळणी पद्धतीतील क्रमांक आहे आणि तो सांगितला, की छापखाना ठरलेल्या प्रमाणात मिसळलेली तयार शाई वापरतो. याच क्रमांकापुढे चकचकीत कागदासाठी ‘सी’ आणि मॅपलिथोसारख्या शाई शोषणाऱ्या कागदासाठी ‘यू’ हे अक्षर येते, व दोन्हींवर तीच शाई वेगळी दिसते. दुसरी नोंद सीएमवायकेची, म्हणजे निळसर, मॅजेंटा, पिवळा आणि काळा या चार शायांच्या टक्केवारीची. बहुतेक छपाई याच पद्धतीने होते. तिसरी आरजीबीची, म्हणजे पडद्यावरील लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाच्या ० ते २५५ या मापातील तीन आकड्यांची. चौथी हेक्स कोडची. ती आरजीबीचेच सहा चिन्हांत केलेले लेखन असून संकेतस्थळ तयार करणाऱ्यांना तीच लागते.

एक पँटोन क्रमांक दिला, की संगणक बाकीचे आकडे आपोआप काढून देतो आणि ते सर्वत्र सारखेच येतात, असा समज सर्रास आढळतो. तो खरा नाही. इंग्लंडमधील ऑक्सफर्ड विद्यापीठाचा गडद निळा आणि अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचा निळा हे दोन्ही पँटोन २८२ या क्रमांकाचेच आहेत. तरीही पडद्यासाठी ऑक्सफर्डने आरजीबी ०, ३३, ७१ हे आकडे ठरवले आहेत आणि मिशिगनने ०, ३९, ७६. शाई एकच, पण प्रकाशात तिची दोन वेगळी रूपे, आणि दोन्ही आपापल्या जागी अधिकृत. शाईचा रंग कागदावरून परावर्तित होऊन दिसतो, तर पडदा स्वतः प्रकाश टाकतो, म्हणून एकातून दुसऱ्यात जाताना कोणीतरी डोळ्यांनी पाहून निवड करावीच लागते. ती निवड एकदाच करून लिहून ठेवली नाही, तर प्रत्येक छापखान्यात आणि प्रत्येक संगणकावर ती नव्याने होत राहते.

या चार नोंदींपुढे विद्यापीठाच्या गरजेप्रमाणे भिंतीच्या रंगाचा शेडकार्डवरील क्रमांक, फलकाच्या विनाइलचा (चिकटवण्याच्या रंगीत प्लास्टिक पापुद्र्याचा) क्रमांक आणि गणवेश किंवा उपरण्यावरील भरतकामाच्या दोऱ्याचा क्रमांकही जोडावा. प्रत्येक रंगाला साधे मराठी नाव द्यावे. दूरध्वनीवर ‘तो आपला निळा’ म्हणण्याऐवजी ‘विद्यापीठ निळा’ आणि ‘साहाय्यक आकाशी’ असे म्हणता आले, की चुका कमी होतात.

पायरी ५: अक्षरे वाचता येतात का ते मोजा

रंगसंच कितीही देखणा असला, तरी विद्यार्थ्याला परीक्षा अर्जाची अंतिम तारीख वाचता आली नाही, तर त्याचा उपयोग नाही. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील फरकाला कॉन्ट्रास्ट म्हणतात आणि तो मोजता येतो. काळी अक्षरे पांढऱ्यावर असतील तर हे गुणोत्तर २१ : १ असते, यापेक्षा मोठे शक्य नाही. संकेतस्थळांच्या सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार साध्या मजकुरासाठी किमान ४.५ : १ आणि मोठ्या अक्षरांसाठी किमान ३ : १ एवढे गुणोत्तर लागते. भारत सरकारची संकेतस्थळांविषयीची मार्गदर्शक तत्त्वेही याच निकषांना धरून आहेत. दोन हेक्स कोड दिल्यास हे गुणोत्तर सांगणारी साधने इंटरनेटवर विनामूल्य मिळतात.

काही उदाहरणे पाहिली, म्हणजे डोळा तयार होतो. ऑक्सफर्डचा निळा पांढऱ्यावर सुमारे १६ : १ देतो, म्हणून त्यात लांब मजकूरही निर्धास्त लिहिता येतो. मिशिगनचा दुसरा रंग मक्याच्या दाण्यासारखा पिवळा आहे, आरजीबी २५५, २०३, ५. तो पांढऱ्यावर फक्त दीड गुणोत्तर देतो, म्हणजे अक्षरे जवळजवळ दिसतच नाहीत. पण त्याच विद्यापीठाच्या गडद निळ्यावर तो सुमारे १० : १ देतो आणि दुरूनही स्वच्छ वाचता येतो. रंग तोच, पार्श्वभूमी बदलली. त्यामुळे रंगसंचाच्या पुस्तिकेत सुट्या रंगांबरोबर चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या जोड्यांचीही यादी द्यावी.

आपल्याकडे केशरी रंगाची आवड मोठी आहे, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर. फलकांवर नेहमी दिसणारा, आरजीबी २५५, १५३, ५१ एवढ्या मापाचा केशरी पांढऱ्यावर जेमतेम २.१ : १ भरतो. त्यात पांढरी अक्षरे घातली किंवा पांढऱ्यावर त्याची अक्षरे लिहिली, तरी दोन्हीकडे वाचकाचे डोळे ताणले जातात. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील संकुलाचा प्रसिद्ध केशरी मात्र करपट आहे, आरजीबी १९१, ८७, ०, आणि तो पांढऱ्यावर ४.५ची मर्यादा थोडक्यात का होईना, पार करतो. केशरी हवाच असेल, तर तो असा दाट घ्यावा, किंवा उजळ केशरीवर गडद अक्षरे ठेवावीत.

रंगांधळेपणाचा विचारही याच पायरीत करावा. लाल आणि हिरवा यांत फरक न कळणारे विद्यार्थी प्रत्येक मोठ्या संस्थेत असतात. जागा शिल्लक असल्यास हिरवा चौकोन आणि संपल्यास लाल चौकोन, एवढ्यावर प्रवेशाचा तक्ता उभा करू नये. चौकोनात ‘शिल्लक’ आणि ‘पूर्ण’ हे शब्दही लिहावेत.

पायरी ६: छापखान्यात स्वतः जा

पडद्यावर मान्य केलेले डिझाइन कागदावर तसेच येईल, असे गृहीत धरू नये. पहिले काम, चार रंगी छपाईतील निळ्याकडे पाहणे. निळसर आणि मॅजेंटा या शायांची टक्केवारी जवळजवळ सारखी झाली, की निळा जांभळा दिसू लागतो. दोघांत साधारण ३० टक्क्यांचे अंतर ठेवल्यास तो निळाच राहतो. दीक्षान्त समारंभाच्या पत्रिका जांभळट येण्याचे कारण बहुधा हेच असते.

दुसरे, आपल्या लिपीचे. देवनागरीत अनुस्वार, रफार, उकार आणि जोडाक्षरांतील बारीक गाठी असतात. गडद पट्टीवर पांढरी अक्षरे ठेवली आणि ती पट्टी तीन-चार शाया एकमेकींवर चढवून तयार होत असली, तर छपाईची प्लेट केसभर सरकली तरी शाई अक्षरांत शिरते आणि अनुस्वार बुजतो. लहान आकारातील मजकुरासाठी म्हणून हे टाळावे. पट्टी हवीच असेल, तर ती पँटोनच्या एकाच तयार शाईत छापावी, अक्षर थोडे मोठे व जाड घ्यावे आणि बारीक रेषांचा फाँट टाळावा. इंग्रजीसाठी बेतलेल्या नमुन्यात मराठी मजकूर तसाच भरला, की ही अडचण हटकून येते.

तिसरे, कागद आणि प्रूफ. ज्या कागदावर काम होणार आहे त्याच कागदावर प्रूफ, म्हणजे तपासणीसाठीची नमुना प्रत, मागावे, मान्य प्रतीवर सही करून एक प्रत आपल्याकडे ठेवावी आणि पुढच्या छपाईच्या वेळी तीच दाखवावी. फ्लेक्सची गोष्ट वेगळी आहे: उन्हात पिवळी आणि मॅजेंटा शाई आधी उडते आणि फलक निळसर पडत जातो, म्हणून कायमच्या फलकासाठी फ्लेक्सपेक्षा रंगीत विनाइल किंवा रंगवलेला पत्रा घ्यावा. वृत्तपत्रांतील प्रवेशसूचना आणि निविदा अनेकदा केवळ काळ्या शाईत छापल्या जातात; त्यासाठी बोधचिन्हाची एकरंगी आवृत्ती आधीच तयार ठेवावी. रंगीत बोधचिन्ह संगणकाने करडे करून घेतल्यास लगतचे दोन रंग एकसारखे करडे होऊन आकृतीच हरवते.

पायरी ७: पुस्तिका छोटी, साचे तयार

रंगांविषयीचे नियम चार-पाच पानांत मावतील एवढेच ठेवावेत: रंग आणि त्यांचे आकडे, प्रमाण, अक्षरांच्या चालणाऱ्या जोड्या, बोधचिन्ह कोणत्या पार्श्वभूमीवर ठेवावे, आणि दोन-तीन चुकीचे नमुने. पण नियम वाचून काम करणारे थोडे असतात. हाताशी असलेला साचा सर्वच जण वापरतात. त्यामुळे पॉवरपॉइंटच्या थीममध्ये, वर्डच्या पत्रात, एक्सेलच्या आलेखांत आणि कॅनव्हाच्या ब्रँड किटमध्ये हे रंग भरून ठेवावेत. प्राध्यापकाने नवी स्लाइड उघडली, की विद्यापीठाचे रंग समोर आलेच पाहिजेत. संकेतस्थळावर प्रत्येक पानात रंगाचा कोड वेगळा न लिहिता तो एका ठिकाणी नावाने नोंदवून सर्वत्र ते नाव वापरायला तंत्रज्ञांना सांगावे.

पायरी ८: संलग्न महाविद्यालये आणि महोत्सव

संलग्न महाविद्यालयांना स्वतःची बोधचिन्हे आणि स्वतःचे रंग असतात आणि ते त्यांनी सोडावेत, अशी अपेक्षा योग्य नाही. विद्यापीठाने एवढेच ठरवून द्यावे, की दोन बोधचिन्हे शेजारी आल्यास विद्यापीठाचे बोधचिन्ह त्याच्या ठरलेल्या रंगातच असेल, महाविद्यालयाच्या रंगात रंगवले जाणार नाही आणि भोवती मोकळी जागा राखली जाईल.

राज्यस्तरीय आंतरविद्यापीठ महोत्सवांचा प्रश्न निराळा आहे. ‘इंद्रधनुष्य’ (सांस्कृतिक), ‘आविष्कार’ (संशोधन) आणि ‘अश्वमेध’ (क्रीडा) यांचे यजमानपद वेगवेगळ्या विद्यापीठांकडे जाते, त्यामुळे त्यांचे रूप यजमानाच्या रंगात बुडवू नये. महोत्सवाला त्याचे रंग मोकळेपणाने वापरू द्यावेत आणि खालच्या पट्टीत यजमान विद्यापीठाचे नाव व बोधचिन्ह अधिकृत रंगात यावे. विद्यार्थ्यांच्या उत्साहाला या पट्टीच्या वर पूर्ण वाव असावा.

पायरी ९: अंमलबजावणीचा क्रम

जुना साठा फेकू नका. लेटरहेड आणि पाकिटे संपतील तशी नवी छापावीत. संकेतस्थळ, समाजमाध्यमे आणि सादरीकरणाचे साचे एकाच दिवशी बदलावेत, कारण त्यांना छपाईचा खर्च नाही. फलक आणि इमारतींचे रंग नेहमीच्या दुरुस्तीच्या वेळी बदलावेत. पदवी प्रमाणपत्र आणि गुणपत्रिका यांच्या कागदात व रंगात सुरक्षेची चिन्हे असतात, म्हणून त्यांत परीक्षा विभागाच्या संमतीशिवाय काहीही बदलू नये. छपाईच्या निविदेत रंगांचे आकडे आणि मान्य प्रुफाची अट लिहावी, म्हणजे चुकीच्या रंगात आलेले काम परत करण्यास लेखी आधार मिळतो. कार्यालयात एका व्यक्तीचे नाव या कामासाठी निश्चित करावे, मूळ फाइली तिच्या वैयक्तिक संगणकावर न ठेवता विद्यापीठाच्या सामायिक जागेत ठेवाव्यात, आणि दरवर्षी प्रवेश सुरू होण्यापूर्वी ताजे नमुने पुन्हा खिडकीजवळच्या टेबलावर मांडून मान्य प्रुफाशी ताडून पाहावेत.